आत्याच्या केळीतला ज्वालामुखी

आमच्या भागात जमिनीतून काहीही वर आलं की लोक आधी शेंदूर आणतात आणि मग ते काय आहे ते बघतात. वारूळ असो, गोल दगड असो, नाहीतर फुटलेल्या पाइपाचं पाणी असो. या लोकांपेक्षा आपण शहाण्या आहोत अशी माझी पक्की समजूत होती. त्या वर्षी ते शेंदूर घेऊन आले आणि मी मोजपट्टी घेऊन गेले, एवढाच आमच्यात फरक निघाला.

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली. माझ्या वडिलांचं गाव डोईफोडियाच्याही पुढे, जंगलाच्या कडेला. माझ्या लहानपणी तिथं आठवीनंतर शिकायची सोय नव्हती. म्हणून आत्यानं मला तिच्याकडे आणलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तापीच्या काठी तिची थोडी केळी, आणि केळीच्याच कडेला दोन खोल्यांचं घर. आतोबा मी जायच्या आधीच वारले होते. मूलबाळ नव्हतं. दहावी, बारावी मी त्या दोन खोल्यांत केली, आणि मग बुऱ्हाणपूरला कॉलेजात जायला रोज सकाळी आत्या मला सडकेपर्यंत सोडायला यायची. बस आली नाही तर ती बसला शिव्या द्यायची, आली तर ड्रायव्हरला. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नाही. माझा निकाल ती नेहमी हातात उलटा धरायची आणि म्हणायची, "चांगला दिसू राहिला."

दुसरे उपकार भूगोलाच्या सरांचे. मला शहरात पुढे शिकायला पाठवा म्हणून ते सायकलवर आमच्या जंगलातल्या गावापर्यंत गेले आणि बाबांच्या समोर दोन तास बसले. बाबा हो म्हणेपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. या दोन माणसांचं ऋण माझ्यावर नसतं तर मी आज कुठे असते ते मला नीट माहीत आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे सरांबद्दल मी जे लिहिणार आहे ते कडू आहे, आणि स्वतःबद्दल त्याहून कडू.

मी काम करते ते चिखलाच्या ज्वालामुखींवर. असे ज्वालामुखी असतात, अंदमानातही आहेत. त्यांत आग नसते, लाव्हा नसतो. जमिनीखाली खोलवर मऊ गाळाचे थर असतात, त्यांत पाणी आणि वायू अडकून पडलेले असतात आणि वरून माती त्यांना दाबत असते. वाट मिळाली की तो गाळ थंडगार बुडबुड्यांसकट वर येतो आणि त्याचे ढीग, टेकड्या तयार होतात. माझा विषय त्याहून बारीक आहे. भूकंप झाला की या टेकड्यांच्या आजूबाजूची जमीन कशी हलते, ते मी बघते. घरात समजावताना मी दह्याचं उदाहरण देते. नीट लागलेलं दही गाडग्यात घट्ट दिसतं. गाडग्याला धक्का दिला की ते मोडतं आणि पाणी सुटतं. भूकंपानं खालच्या गाळाचं तेच होतं. तो मोडतो, सुटलेल्या पाण्याला आणि वायूला जागा पुरत नाही, दाब वाढतो. कधी चिखल उसळून बाहेर येतो. कधी तो बाहेर येतच नाही, नुसती जमीन बोटभर फुगते, किंवा चिखल निघून गेल्यावर बोटभर बसते, आणि फुगताना-बसताना टेकडीभोवती गोल भेगा पडतात. डोळ्याला हे दिसत नाही. उपग्रह भूकंपाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा त्याच जागेवरून जातो, आणि दोन्ही वेळची नोंद एकमेकांवर ठेवली की जमिनीचा बोटभर फरक कळतो.

आत्यानं हे सगळं एकदा लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे इतकं शिकून तू चिखलच पाहते?"

"हो."

"आम्ही आठवीही न शिकता पाहतो."

गावात माझं नाव पडलं होतं चिखलवाली मॅडम. मला राग यायचा. मनात म्हणायचे, एक दिवस तुम्हालाच विचारायला यावं लागेल. माणसानं असलं काही मनात आणू नये, ते फार लवकर खरं होतं.

पावसाळा संपत आला होता. त्या वर्षी तापी दोन्ही काठ भरून वाहिली होती. एका सकाळी आत्याचा फोन आला.

"पोरी, काल आमच्याकडे जमीन हालली. मांडणीवरचे भांडे वाजले. आन् आज तुझ्या आतोबाच्या इहिरीपाशी चिखल वर येऊ राहिला. बुडबुडे निघू राहिले."

"किती उंच आलाय? रंग कसा आहे?"

"अवं ऐक ना, तिथं—"

"गरम आहे का थंड?"

"थंडच हाय. पण तू ऐकते का, तिथं—"

"आत्या, हात लावू नकोस. कुणाला जवळ जाऊ देऊ नकोस. मी आजच निघते."

फोन ठेवल्यावर मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले. भूकंप आमच्या नर्मदा-तापीच्या पट्ट्यात होतात, लहानसहान, हे सर्वांना माहीत असतं. पण चिखलाचा ज्वालामुखी? तापीच्या गाळात? आणि तोही माझ्या आत्याच्या केळीत? एका सहकाऱ्यानं विचारलं, "उपग्रहाच्या नोंदीत काही दिसतंय का?" मी लगेच पाहिलं. काही दिसत नव्हतं. केळीच्या पानांची सतत हालचाल होते, त्यामुळे तिथं उपग्रहाची दोन वेळची नोंद जुळतच नाही, नुसता गोंधळ दिसतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. पण 'दिसत नाही' याचा अर्थ मी 'असू शकतं' असा घेतला, आणि बुऱ्हाणपूरला उतरेपर्यंत 'असू शकतं'चं 'आहे' झालं होतं.

इतवारा बाजारातून आत्यासाठी दराब्याची मिठाई घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गावात पोचले. केळीच्या वाटेवर पहिल्यांदा दिसला तो झेंडा. मग मंडप. मंडपाच्या दोन्ही बाजूंना केळीचे दोन हिरवेगार खांब बांधलेले, आणि मधे, आत्याच्या घरापासून वीस पावलांवर, गुडघाभर उंचीचा राखाडी चिखलाचा ढीग. ढिगाला शेंदूर, हळद, हिरवी चोळी. त्याच्या टोकाला थोड्या-थोड्या वेळानं बुडबुडा फुटायचा, आणि प्रत्येक बुडबुड्याला पाच-पन्नास लोक "देवी माता की जय" म्हणायचे. पिठलं शिजताना एवढा जयजयकार कुणी केलेला मी पाहिला नाही.

या सगळ्याचा सूत्रधार होता आत्याचा दीर, म्हणजे आतोबांचा धाकटा भाऊ. गावात त्याचा शब्द चालतो. आतोबा गेले तेव्हापासून ही जमीन आपल्याकडे यायला हवी होती असं त्याला वाटतं, आणि ते त्यानं कधी लपवलेलं नाही. तो मला पाहून हात जोडून म्हणाला, "या या मॅडम. तुमच्या चिखलानंच दर्शन दिलं बघा."

"हे देवीबिवी काही नाही," मी म्हणाले.

"इच्छापूरले देवी हाय, तिथं डोंगरावर हाय. आपल्या गावानं काय पाप केलं? हितं चबुतरा होईन, मग मंदिर होईन. वहिनीचं घर तेवढं मधे येतं. पण वहिनीले आम्ही गावात खोली देऊ. देवीच्या जागेत राहनं बरं नही."

आत्या दारात उभी होती. तिनं पदर कमरेला खोचलेला होता. तिच्या चेहऱ्यावर भक्ती नव्हती, भीतीही नव्हती, नुसता वैताग होता. "आली का?" ती मला म्हणाली. "चल आधी घरात. तुले सांगायचं हाय काही."

मी म्हणाले, "आधी मोजते."

ही माझी पहिली चूक नव्हती, पण सगळ्यात महाग पडलेली हीच.

मी लोकांना बाजूला केलं, बॅग उघडली. ढिगाची उंची घेतली, चिखलाचा नमुना घेतला. आणि मग मला ती भेग दिसली. ढिगापासून काही हातांवर, केळीच्या पालापाचोळ्याखाली, एक बारीक भेग. तिच्या मागे मागे गेले तर ती वळत वळत ढिगाभोवती पूर्ण फिरून पुन्हा त्याच जागी आली. गोल. अगदी गोल. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा बोटभर खाली. मी कितीतरी दिवस परदेशी टेकड्यांच्या चित्रांत अशा भेगा शोधत बसले होते आणि तिथं त्या नेहमी तुटक, वेड्यावाकड्या मिळायच्या. इथं निसर्गानं माझ्यासाठी कंपासनं आखून ठेवली होती. मला गहिवरून आलं. निसर्ग कंपास वापरत नाही हे मला सुचलंसुद्धा नाही.

सर आले. आता निवृत्त झालेत, केस पांढरे झाले आहेत, पण इस्त्रीचा शर्ट तोच. मी त्यांना भेग दाखवली. दह्याचं उदाहरण दिलं. त्यांचे डोळे भरून आले. "बेटा, याच गावात मी तुला ज्वालामुखीचे प्रकार शिकवले. आणि आज तू याच गावात..." मग सावरून ते लोकांकडे वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "यह देवी-वेवी कुछ नहीं है! यह विज्ञान है!"

"तर मग सिद्ध करून दाखवा," दीर म्हणाला.

मला आव्हान कळतं, पण ते कधी नाकारावं ते कळत नाही. बुडबुड्यात मिथेन असतो, तो पेटतो, हे दाखवायचं मी ठरवलं. मंडपाच्या सावलीत लांब काडीला पेटता बोळा बांधला, सगळ्यांना मागे सरकवलं आणि बुडबुड्यापाशी धरला. भक्कन निळी ज्योत आली आणि गेली.

मग मागून एक बाई किंचाळली, "ज्योत! देवीनं ज्योत देली!" आणि सगळी गर्दी चिखलात लोटांगण घालायला लागली. त्यातल्या दोघीतिघी माझ्याही पाया पडल्या. एक कॉलेजचा मुलगा मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून विचारत होता, "मॅडम, एक बार और हो सकता है क्या? रील ठीक से नहीं आई."

इतक्या वर्षांच्या शिक्षणाचं फळ म्हणून मी एका संध्याकाळच्या आत देवीची पुजारीण झाले होते. सर लाल होऊन मला म्हणाले, "यांना समजावून काही उपयोग नाही. आपण वरती लिहू."

आत्याच्या ओट्यावर बसून आम्ही अहवाल लिहिला. आमच्याकडे सरकारी कामकाज हिंदीत, म्हणून सरांनी शुद्ध हिंदीत मजकूर सांगितला, मी टाइप केला. 'भूकंप के कारण उत्पन्न पंक ज्वालामुखी', 'वलयाकार भू-विरूपण', 'तत्काल संरक्षण आवश्यक'. सरांना 'तत्काल' हा शब्द फार आवडला होता, तो त्यांनी तीनदा घातला. आत्या आतून चहा घेऊन आली आणि म्हणाली, "माझं ऐकता का जरा? ती जागा—"

"आत्या, थोडं थांब. हे महत्त्वाचं आहे."

ती थांबली. कप ठेवले आणि आत गेली. आता आठवलं की मला त्या कपांचा आवाज ऐकू येतो.

अहवाल सरकारी कचेरीत गेला. सरांनी त्याची प्रत ओळखीच्या एका बातमीदारालाही दिली. दोन दिवसांत मोबाइलवर बातमी आली, मागे ज्वाळांचा कुठलातरी जुना फोटो टाकून: बुरहानपुर में फूटा ज्वालामुखी. आता देवी आणि ज्वालामुखी अशी दुहेरी गर्दी सुरू झाली. लोक गाड्या करून येत होते. नारळ वाढवायचे, सेल्फी घ्यायचे आणि केळीचा एखादा घड मोडून न्यायचे. देवीचा प्रसाद म्हणून का विज्ञानाचा नमुना म्हणून, ते मला कळलं नाही.

पाचव्या दिवशी कचेरीतून नोटीस आली. शिपायानं अंगठा घेतला आणि कागद आत्याच्या हातात दिला. तिनं तो नेहमीसारखा उलटा धरला. मग माझ्याकडे दिला. "वाच."

मी वाचला. भूगर्भीय हालचालींमुळे परिसर धोकादायक घोषित करण्यात येत आहे. परिसराला कुंपण घालण्यात येईल. सात दिवसांच्या आत राहतं घर रिकामं करावं. खाली आधार म्हणून माझ्या अहवालाचा उल्लेख होता, माझ्या नावासकट, पदवीसकट.

या बाईनं मला वाचायला शिकू दिलं. आणि तिच्यासाठी मी मोठ्यानं वाचलेला पहिला सरकारी कागद तिचं घर काढून घेणारा होता, आणि तो मीच लिहवून घेतला होता.

देवीच्या नावानं दीर घर मागत होता तेव्हा निदान भांडता येत होतं. आता सरकारी शिक्क्याशी कोण भांडणार? दीर तर खूशच झाला. "बघा, सरकारनंबी मानलं. जागा सिद्ध हाय म्हणून कुंपन घालू राहिले."

आत्या गोठ्यात गेली, पहार घेऊन आली आणि सरळ त्या गोल भेगेपाशी गेली. मी मागे धावले. "आत्या, तिथं जाऊ नकोस, जमीन—"

"गप बस," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती मला पहिल्यांदा असं बोलली. तिनं भेगेच्या बाहेरच्या कडेला पहार घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खण्ण आवाज आला. तिनं माती हातानं बाजूला केली.

खाली घडीव दगड होता. त्याच्या शेजारी दुसरा दगड. दोन्हींच्या मधे चुना.

"हे काय हाय?" आत्या म्हणाली.

मी खाली बसून चुन्यावर बोट फिरवलं.

"सांग ना. तू शिकेल हाय. तुझा ज्वालामुखी चुन्यात बांधेल असतो का?"

मी भेगेच्या गोलाकडे पाहिलं, पुन्हा चुन्याकडे पाहिलं.

"इहीर हाय ही! तुझ्या आतोबाची इहीर. फोनवर पहिल्याच दमात सांगतलं तुले, इहिरीपाशी. कोनती इहीर, कुठं गेली, एकदा तरी इचारलं? तू यायच्या आधीच पानी आटलं, मग तुझे आतोबा आन् हा भाऊजी, दोघांनी ती भरली. काय टाकून भरली? केळीचे खांब! दर कटाईले दोन-दोन गाड्या खांब टाकले. वरून माती लोटली. मी तवाच म्हनलं होतं, दगडमुरूम टाका. कोन ऐकते बाईचं? ना त्यांनी ऐकलं, ना तू ऐकलं."

तापीकाठच्या गावांत हा प्रकार घरोघर आहे. केळी कापली की खांबांचं करायचं काय, हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि आटलेली विहीर हे त्याचं आयतं उत्तर असतं. माणसं खुशाल विहिरी खांबांनी भरतात, वर माती टाकतात आणि विसरून जातात. खांब म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. तो कुजतो, बसतो, वायू सोडतो. त्या वर्षी नदी भरली होती, जमिनीत पाणी चढलं होतं, खाली सगळा काला झाला होता. वरून भूकंपाचा एक धक्का बसला. गाडगं हललं, दही मोडलं. वायूला वाट मिळाली, चिखल वर आला, भराव बोटभर बसला आणि विहिरीच्या काठावर गोल भेग पडली. माझ्या दह्याच्या उदाहरणातलं एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. फक्त गाडगं आत्याचं होतं, आणि ते तिला माहीत होतं. मिथेन कुजलेल्या केळीतूनही येतो आणि खोल गाळातूनही. काडी पेटवून त्यातला फरक कळत नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

मी आत्याला म्हणाले, "चुकले."

"ते मले काय सांगते? त्यांना सांग."

मंडपात आरतीची तयारी चालली होती. सर एका बाजूला दोन पाहुण्यांना 'विरूपण' समजावत होते. मी सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं की मी चूक केली, हा ज्वालामुखी नाही, ही खांबांनी भरलेली विहीर आहे, आणि तुम्ही ज्यावर उभे आहात ते पोकळ आहे, कधीही खाली जाईल.

आधी हशा पिकला. "चिखलवाली मॅडम चिखलात फसली रे!" कुणीतरी ओरडलं. सरांचं तोंड उतरलं. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बेटा, अहवाल गेला आहे. आता आपण असं म्हणणं बरं दिसणार नाही. थोडी वाट पाहू, तज्ज्ञ येतील, त्यांना ठरवू दे." ज्यांनी मला शिकवलं की नकाशा चुकला तर खोडून पुन्हा काढायचा, त्या सरांना स्वतःचं 'तत्काल' खोडवत नव्हतं. मला त्यांची चीड आली, आणि चीड आल्याची लाज वाटली. मी त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "सर, घर जाईल हो." ते पाहुण्यांकडे वळले.

दीर मात्र जागचा हलला नाही. "इहीर होती तर काय झालं? मी कुठं नाही म्हनतो? मीच भरली. देवी इहिरीत येत नही का?"

या वाक्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही.

आत्याकडे होतं. ती पहार टेकून उभी होती. "येते ना भाऊजी, येते. मग एक करा. आजची आरती तुम्ही करा. हितं बाहेरून नही, मधोमध, ढिगापाशी बसून करा. खांब तुम्हीच टाकले, किती टाकले, किती सडले, तुम्हालेच माहीत. देवी तुमची हाय, ती काय तुम्हाले खाली जाऊ देईन?"

सगळे दिराकडे बघायला लागले. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, बहुतेक तेव्हाच सगळ्यांच्याही, की इतक्या दिवसांत हा माणूस एकदाही भेगेच्या आत आलेला नव्हता. लोटांगणं लोकांनी घातली होती. ढिगाला चोळी बायकांनी चढवली होती. काडी घेऊन मी गेले होते. तो कायम भेगेच्या बाहेर, मंडपाच्या खांबाला टेकून.

"जा ना काका," मागून एक पोरगा म्हणाला.

"माझे गुडघे दुखतात," दीर म्हणाला.

"आम्ही उचलून ठेवतो."

"अरे पण..." तो म्हणाला, आणि एक पाऊल मागे सरकला.

बस, तेवढं पुरलं. ज्या बाया दहा मिनिटांपूर्वी ढिगाशी लोळत होत्या त्या मुलांचे हात धरून भेगेच्या बाहेर आल्या. कुणी पळालं नाही, कुणी काही कबूल केलं नाही. आपली चप्पल कुठे गेली ते शोधत-शोधत सगळे पांगले. दोन दिवसांनी कळलं की देवीनं दिराच्या स्वप्नात येऊन जागा बदलून मागितली आहे, सडकेला लागून, वडाखाली, जिथं गाड्या लावायला जागा आहे. आमच्याकडच्या देवांना रस्त्याची सोय आजकाल फार लागते.

पण नोटीस अजून होतीच. देवी हलली तरी सरकार हलत नाही. मी कचेरीत गेले. खिडकीमागच्या बाबूला म्हणाले, माझा अहवाल चुकीचा आहे, मला तो मागे घ्यायचा आहे.

"मॅडम, रिपोर्ट वापस लेने का कोई फॉर्मेट नहीं है."

"मग साधा अर्ज देते."

"विषय में क्या लिखेंगी?"

मी लिहिलं: विषय — मेरी गलती. बाबूनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, शेजारच्या बाबूला दाखवलं. "पहली बार आया है ऐसा," तो म्हणाला, आणि हसत-हसत त्यावर शिक्का मारला. मग म्हणाला, विहीर होती हे कागदावर हवं. पटवाऱ्याच्या जुन्या खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, ती निघाली, आतोबांच्या शेतात, पक्की विहीर म्हणून. ज्या जागेचा मी शोध लावला होता तिची नोंद सरकारकडे माझ्या जन्माआधीपासून होती. मी चार खेपा घातल्या. चौथ्या वेळी सर सोबत आले. न बोलवता आले होते, इस्त्रीच्या शर्टात. माझ्या अर्जाखाली त्यांनी आपली सही केली, आणि सहीच्या वर त्यांच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'सहमत'. परत येताना बसमध्ये ते एवढंच म्हणाले, "तत्काल तीनदा नको होता."

नोटीस रद्द झाल्याचा कागद आला तेव्हा आत्यानं तो उलटा धरला आणि म्हणाली, "हा चांगला दिसू राहिला." मी तो सुलटा करून दोनदा वाचून दाखवला. घर राहिलं. कुंपणाच्या जागी आत्यानं माणसं लावून विहिरीतला काला बाहेर काढायला लावला. काळाकुट्ट, घाण वासाचा, उत्तम खत. तो सगळा केळीला गेला. विहिरीत आता दगडमुरूम आहे, आत्यानं स्वतः उभं राहून टाकून घेतलाय. एका थराच्या जागी कुणी दोन खांब टाकायला बघितलं, तर तिनं ते त्याच्याच अंगावर फेकले म्हणे.

मी परत माझ्या कामावर गेले. चिखलच बघते. त्या टेकड्यांवर कुणाची आत्या राहत नाही, त्यामुळे तिथं माझं बरं चालतं. तरी एखादी भेग जास्तच गोल दिसली की मी चहा घ्यायला उठते.

गेल्या महिन्यात पुन्हा थोडी जमीन हलली. सकाळी आत्याचा फोन. तिनं 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही.

"काल हाललं. वळचणीखाली भेग पडली हाय. आता बोल, तू आधी सांगते का आधी इचारते?"

"आत्या," मी म्हणाले, "तिथं आधी काय होतं?"

"हां," ती म्हणाली, आणि तिकडे खाट कुरकुरली. ती आरामात बसली असावी. "आता ऐक."